कुमुदवहिनीची तृप्ती

डॉक्टर हिरेमठांच्या टेबलावर तीन पोटं मांडून ठेवलेली होती. रबराची, फिकट गुलाबी, खेळण्यांच्या दुकानातून आणल्यासारखी. केतकीनं त्यातलं एक उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, कणीक अशी मऊ मळली गेली पाहिजे बघ."

मला हसू आलं. वहिनी हसली नाही. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. जन्मभर ती अशीच बसत आली आहे. कुणाची हाक आली तर उठायला सोपं जावं म्हणून.

केतकी ही माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. दादा गेल्यापासून सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघीच राहतो. मी लग्न केलं नाही आणि केतकीनंही केलं नाही. तिचं लग्न तिच्या केटरिंगशी लागलंय असं ती सांगते. शहरात कुठेही मोठं कार्य असलं की गव्हाची गोड हुग्गी केतकीचीच हवी, असा लोकांचा हट्ट असे. पण चाळिशीच्या आत तिचं वजन एकशेवीस किलोच्या पुढे गेलं, शुगर लागली, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत गुडघे तिला उभं राहू देईनात. वजन उतरवायची इंजेक्शनं तिनं वर्षभर घेतली. त्यानं स्वादुपिंडाला सूज आली आणि ती बंद करावी लागली. मग उरली शस्त्रक्रिया. ती कोणती करायची, एवढंच ठरवायला आम्ही आलो होतो.

डॉक्टरांनी पहिलं पोट हातात घेतलं. "यात जठराचा बराचसा भाग कापून टाकायचा आणि केळ्यासारखी नळी ठेवायची. मावतच नाही, त्यामुळे खाणं कमी होतं. कापलेलं मात्र परत जोडता येत नाही." मग दुसरं घेतलं. "यात जठराचा वरचा लहानसा कप्पा तेवढा वापरात ठेवायचा आणि आतड्याचा पुढचा भाग थेट त्याला जोडायचा. अन्न मधला रस्ता चुकवून जातं. शुगरसाठी हा प्रकार चांगला. पण गोड जास्त झालं की घाम, धडधड, चक्कर. आणि गोळ्या जन्मभर."

"म्हणजे मी माझी हुग्गी खायची नाही?"

"चाखायची. चमचाभर."

"डॉक्टर, हुग्गी जमली का हे जिभेला कळत नसतं. वाटीभर पोटात गेल्यावर कळतं."

"म्हणून हे तिसरं," डॉक्टर म्हणाले.

तिसरं पोट अगदी तुमच्याआमच्यासारखं होतं, पूर्ण. त्याच्या वरच्या बाजूनं एक पांढरी दोरी खाली उतरली होती आणि तिला शर्टाच्या बटणाएवढी चकती चिकटवली होती.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस येते. पोट ताणलं गेलं, आतड्यात अन्न उतरलं, की त्याचे निरोप या नसेवरून वर जातात. निरोप पुरेसे पोचले की मेंदू म्हणतो, बस. पण नस दुहेरी आहे. वरूनही काही हुकूम खाली येत असतात, थोडे, पण येतात. केतकीसारख्यांमध्ये 'बस'चा निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. तेव्हा ज्या माणसाचं पोट थोडक्यात भरतं, त्याच्या नसेवर तृप्तीच्या क्षणी काय हालचाल होते ती टिपून घ्यायची. तो झाला ठसा. तो ठसा चकतीत भरायचा आणि रुग्णाचं पोट मागायला लागलं की वाजवायचा. दुसऱ्याची तृप्ती आपल्याला लाभते. डॉक्टर याला तृप्ती-रोपण म्हणत.

"म्हणजे ट्रंक लाइन," मी म्हणाले. "मधल्या मधे जोडणी करून द्यायची."

डॉक्टरांना ट्रंक लाइन कळली नाही. त्यांच्या जन्माआधी आमचं एक्स्चेंज बदललं होतं. मी टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून सगळी जवानी दुसऱ्यांच्या बोलण्याच्या जोडण्या करण्यात गेली. खरखर ऐकून लाइन कुठली आहे ते मी सांगत असे. बार्शीची खरखर वेगळी, विजापूरची वेगळी.

"कापाकापी नाही, आणि नको वाटलं तर बंद करता येतं," डॉक्टर म्हणाले. "ठसा मात्र रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा लागेल. त्यांच्या नसांची बोली जुळते."

"मग माझा घ्या," मी म्हणाले. "माझ्याइतकं तृप्त पोट सोलापुरात सापडायचं नाही."

"आत्या, तुझा ठसा घेतला तर मी चार भाकऱ्यांवर थांबेन," केतकी म्हणाली.

डॉक्टर हसले. "तुमची शुगर जुनी आहे. नस झिजलीय, ठसा पुसट येईल. यांचा चालेल का?" त्यांनी वहिनीकडे पाहिलं. पंच्याहत्तरीला आली तरी वहिनी अंगणातल्या शेवग्यासारखी सडसडीत होती. सगळं आयुष्य अर्ध्या भाकरीवर काढलं तिनं, आणि कधी आजारी म्हणून पडली नाही.

"माझं काय, घ्या की," वहिनी म्हणाली. "पोरीच्या कामी येत असेल तर."

ठसा घ्यायची खोली त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघरासारखी सजवली होती. माणूस एकटा बसवला की खोटं खातो म्हणे, म्हणून पाट, स्टीलची भांडी, सोबतीला जेवायला दोघी नर्सा. वहिनीच्या गळ्याशी एक पातळ पट्टी, हातात एक बटण. पोट भरलं की ते दाबायचं. घरच्यासारखं जेवा, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी सोबत म्हणून मी गेले होते. वहिनीनं शिरल्या शिरल्या पळी ताब्यात घेतली. "सिस्टर, तुम्ही बसा. दिवसभर उभ्या असता. मी वाढते."

"आजी, आज तुम्ही पाहुण्या!"

"जेवताना कुणी पाहुणं नसतं गं. बस. भात घे अजून. एवढासा काय घेतेस, चिमणी आहेस का?"

नर्सा खुदुखुदु हसत जेवल्या. मग वहिनी बसली, चार घास खाल्ले, पातेल्यात डोकावली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक निळी रेघ उठली आणि शांतपणे आडवी झाली. पंधरवडाभर रोज तशीच. डॉक्टर हरखून गेले. "इतक्या थोड्या अन्नात इतकी ठाम तृप्ती मी पाहिलेली नाही. हे ऋषींचं पोट आहे!"

वहिनीला लाज वाटली. असा ठसा ज्यांना नात्यातलं कुणी नाही त्यांच्याही कामी येऊ शकेल, संशोधन चाललंय, तुमची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. "देऊन टाका," ती म्हणाली. "मला काय करायचाय?"

केतकीला चकती बसवल्यानंतरचे महिने सुखाचे गेले, हे मान्य करायला हवं. केतकीचं वजन दर आठवड्याला उतरत गेलं. शुगर आटोक्यात आली. पायऱ्या चढताना ती गाणं गुणगुणू लागली. एकदा ती माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, तुला सांगू? लहानपणापासून माझ्या डोक्यात एक रेडिओ चालू असायचा. आता काय खाऊ, मग काय खाऊ. तो बंद झालाय. किती शांत असतं गं तुम्हा लोकांच्या डोक्यात."

माझ्या डोक्यात तसं काही शांत नसतं.

वजन ठरवल्यापाशी आलं आणि त्याच्याही खाली निघालं. साठ झालं, पंचावन्न झालं. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. "बास आता," मी म्हणे. ती म्हणे, "मी कुठे काय करतेय? पोट भरतं, मी थांबते." तिची हुग्गीसुद्धा बदलली. गूळ बेताचा, तूप दिसेल न दिसेल इतकंच. आणि पंगतीत नवीन एक गोष्ट मला दिसायला लागली. चांगली तरणीताठी माणसं दोन घास खाऊन पानावर तळवा आडवा धरत आणि हसून म्हणत, पोट भरलं. आमच्या काळी आग्रह करकरून वाढपी थकत. जिलब्या उचलायच्या पैजा लागत. आता पानंच्या पानं भरलेली उठत होती, आणि उठणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान असे.

मग एका दुपारी वीज गेली. पंखा, फ्रिज, सगळं एकदम गप्प झालं. आम्ही दोघी जेवत होतो. केतकीनं चतकोर भाकरी आणि दोडक्याची भाजी खाल्ली आणि ताटावर तळवा ठेवला. "पोट भरलं, आत्या."

आणि त्या शांततेत मला आवाज आला. आधी बारीक, मग लांबत गेलेला, रिकाम्या पिंपातून पाणी घरंगळावं तसा. केतकीचं पोट गुरगुरत होतं.

"भूक लागलीय तुला," मी म्हणाले.

"छे! आता तर जेवले."

ती खोटं बोलत नव्हती. चेहरा तृप्त होता. आवाज तिला ऐकूच आला नव्हता. पण मी तो ओळखला. लाइन ओळखते मी. ही खरखर मी पूर्वी ऐकली होती, केतकीच्या जन्माच्याही आधी.

दादाची गिरणी बंद पडली त्या सालची गोष्ट. घरात अकरा माणसं आणि पगार माझा एकटीचा. मला ड्यूटीवर जायचं म्हणून आधी वाढलं जाई. मग पोरं, मग पुरुष, मग सासूबाई म्हणजे माझी आई. वहिनी शेवटी. मी रात्रपाळी करून आले की स्वयंपाकघरातच आडवी होत असे. वहिनी पाठमोरी जेवायला बसे. पातेलं आपल्याकडे कलतं करून ठेवायची, म्हणजे तळ कुणाला दिसू नये. आई विचारी, "कुमुद, उरलंय ना गं?" वहिनी म्हणे, "भरपूर आहे. माझं पोट भरलं. मला खरवडच आवडते." आणि त्याच वेळी तो आवाज येई. मी विचारलं तर म्हणे, "मांजर शिरलंय वाटतं फडताळाखाली, वन्सं."

आमच्याकडे मांजर नव्हतं.

मी हात धुतले आणि वहिनीच्या खोलीत गेले. ती लसूण सोलत होती.

"वहिनी, खरं सांग. ते बटण तू कधी दाबायचीस?"

"कुठलं बटण?"

"हॉस्पिटलातलं."

"पोट भरलं की."

"पोट भरलं म्हणजे कधी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही खुळा प्रश्न विचारला होता. "पातेल्यात तळ दिसायला लागला की, वन्सं. त्या दोघी पोरी, एकीचा तर नवरा नाईटला असायचा, डबा नेत होती घरी. मी पोटभर खाऊन कशी उठणार? थोडं ठेवायला नको?"

"अगं पण भूक राहिली असेल ना?"

"सवय आहे. गप्प बस म्हटलं की बसते."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर हिरेमठांपुढे बसले होते. त्यांचा पांढरा कोट खांद्यावरून ओघळत होता. आधी तो बटण लागत नाही इतका तंग असे. मी सगळं सांगितलं. त्यांनी वहिनीच्या निळ्या रेघा पडद्यावर काढल्या आणि एकेक करून तपासल्या.

"खालून वर जाणारा निरोप यात नाहीच," अखेर ते म्हणाले. "आम्ही बटणाच्या खुणेवर विश्वास ठेवला. हा वरून खाली आलेला हुकूम आहे."

"गप्प बसचा."

"हो. पोट मागतंय आणि मेंदू त्याला दाबतोय. तेच आम्ही टिपलं." त्यांनी चष्मा काढला. "आणि चकती शिकणारी आहे. पोट जितकं जोरात मागेल, तितका ती ठसा जोरात वाजवते."

"म्हणजे जितकी उपाशी..."

"तितकं तिला तृप्त वाटणार."

"मग बंद करा! आत्ता करा."

"मला करता येत नाही, मावशी. सुरुवातीला नवरे आणि सासवा परस्पर चालू-बंद करायला लागल्या होत्या, म्हणून कायदा झाला. फक्त रुग्णाच्या संमतीनं. केतकी बेशुद्ध पडली तर मी नळीनं अन्न घालीन. शुद्धीवर असेपर्यंत तिचं म्हणणं अखेरचं. आणि ती दर तपासणीला सांगते की आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते."

मी उठता उठता विचारलं, "हा ठसा आणखी कुणाला दिलाय?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर दुपारची गर्दी होती. "आता नात्याची गरज उरलेली नाही. कुठलाही ठसा कुणालाही जुळवून घेता येतो. आणि जगभरच्या ठशांत सगळ्यात चांगला निकाल याचाच आहे." मग ते म्हणाले, "बहुतेक सगळे हाच मागतात."

सगळं सांगितलं तरी केतकी बंद करायला तयार झाली नाही. मी रागावले, रडले, जेवण सोडायची धमकी दिली. तिनं माझे डोळे पुसले. "आत्या, मला तो रेडिओ परत नको. हवं तर आईचा नवा ठसा घाला. खराखुरा. त्याला मी सही करते. पण परक्या कुणाचा नको, आणि बंद नाही." तेव्हा ती बेचाळीस किलो होती. हात धरला तर मनगटातली दोन्ही हाडं वेगवेगळी लागत.

एवढी एकच वाट उरली होती. वहिनीनं एकदा पोटभर जेवायचं, आणि खरंच पोट भरल्यावर बटण दाबायचं.

स्वयंपाक मीच केला. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, शेंगाची चटणी, आणि केतकीच्या जुन्या हातासारखी, तूप वर तरंगणारी हुग्गी. पातेली काठोकाठ भरली, म्हणजे तळ दिसायला नको. त्याच खोलीत वहिनीला पाटावर बसवलं. नर्सांना बाहेर काढलं. केतकी बाहेर बाकावर बसली. दाराशी डॉक्टर उभे, पडद्याकडे पाहत.

"आज मी वाढणार आणि तू खाणार," मी म्हणाले. "घरात दुसरं कुणी नाहीच असं समज."

"वन्सं, तुम्ही जेवलात?"

"पोटभर. तू खा."

अर्धी भाकरी झाली आणि तिचा अंगठा बटणाकडे गेला. डॉक्टरांनी मान हलवली. "खरं?" मी विचारलं. ती ओशाळली आणि पुन्हा खाऊ लागली. एक भाकरी झाली. हुग्गीची वाटी झाली. दुसरी वाटी घेतली. तिच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एवढं खाताना पाहत होते, आणि ते पाहवत नव्हतं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आता पोट दुखायला लागलंय. म्हणजे भरलं का?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "जठर ताणलंय," ते म्हणाले, "पण वरून तोच हुकूम येतोय. थांब, थांब, थांब. तृप्तीची खूण नाही."

"वहिनी, नीट आठव. कधीतरी पोट भरून बरं वाटलं असेल की नाही? माहेरी? लहानपणी?"

तिनं खूप आठवलं. तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "केतकी अंगावर प्यायची ना, आणि पिता पिता झोपायची, तेव्हा वाटायचं. ती जेवलीय का, वन्सं? ती जेवली की मला कळेल. त्याआधी कसं कळणार?"

डॉक्टर बाहेर गेले. ते केतकीला काय सांगत होते ते मला दारातून ऐकू आलं: आईला फक्त म्हणा, मी जेवले. केतकी आत आली, भिंतीला धरत. तिच्या चेहऱ्यावर तेच शांत हसू होतं.

"आई, मी जेवून आलेय. पोट भरलंय माझं."

वहिनीनं मान वर केली. अंगठा बटणावर होता. आणि खोलीत तो आवाज उमटला, बारीक, मग लांबत गेलेला.

वहिनी लेकीकडे पाहत राहिली. त्या वाक्याची तिच्याइतकी ओळख जगात कुणाला नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "मांजर आलंय."

तिनं बटण खाली ठेवलं आणि स्वतःचं ताट, भाकरी आणि हुग्गीसकट, केतकीपुढे सरकवलं. केतकीनं हसून त्यावर तळवा आडवा धरला. बोटांमधून तूप चमकत होतं.

"आज राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "उद्या पुन्हा करून पाहू."

"तुम्ही तरी दोन घास खा, डॉक्टर," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "एवढं अन्न वाया जाईल."

"नको, मावशी. पोट भरलंय."

आणि त्यांच्या त्या ढगळ कोटाच्या आतून दुसरा आवाज निघाला, पहिल्याच्या सुरात सूर मिळवून. त्यांना तो ऐकू आला नाही. दाराबाहेर नर्सा बोलायच्या थांबल्या होत्या, आणि तिकडूनही येत होता. मला हेडफोन लावायची गरज नव्हती. सगळ्या लाइनी एकाच एक्स्चेंजच्या होत्या.

समोर भाकऱ्यांची चळत निवत होती. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. वहिनीला मी पोटभर जेवल्याचं सांगितलं ते खोटं होतं. त्या खोलीत भूक लागलेली मी एकटीच होते.